‘सपरी’ या शब्दाची नोंद

मी नागपूरची आहे, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. आमचं गाव वऱ्हाडातलं, नागपूरपासून चांगलं लांब. पण पुण्याच्या हिशेबात औरंगाबाद ओलांडलं की सगळं नागपूरच. “नागपूरच्या का? वाटलंच बोलण्यावरून,” असं कोथरूडच्या माझ्या पहिल्या घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या. मी त्यांना नकाशा समजावून सांगायच्या फंदात पडले नाही. ‘मले’, ‘तुले’ हे शब्द मी घरी फोन करण्यापुरते ठेवले आणि बाकी वेळ आपण, अहो, कृपया.

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी टेस्टर होते. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या आणि त्याच्या नावावर टाकायच्या, एवढंच काम. पुण्यात हे काम लोक हौसेनं फुकट करतात, मला त्याचा पगार मिळत होता. तपासायचा नवा प्रोग्रॅम, म्हणजे बिल्ड, येईपर्यंत तासन् तास रिकामे जायचे. कंपनीनं करमणुकीच्या झाडून सगळ्या साइट बंद करून ठेवल्या होत्या. मराठी ब्लॉग मात्र उघडायचे. त्या यंत्रणेला देवनागरी वाचता येत नसावी, किंवा मराठीत कोणी करमणूक करत असेल असं तिला वाटलं नसावं.

तेव्हा मराठी ब्लॉगांना नुकताच बहर आला होता. अक्षरांच्या जागी चौकोन दिसण्याचे दिवस मागे पडले होते आणि ज्याला त्याला आपल्याला लिहिता येतं असा शोध लागला होता. पाककृती, गडकिल्ले, अमेरिकेतला बर्फ, अमेरिकेतल्या बर्फात केलेल्या पाककृती. मला त्यात रस नव्हता. मी वाचायची ते शब्दांचे ब्लॉग. म्हणजे एखादा शब्द कुठून आला, कुठे वापरतात, त्याचे भाऊबंद कोण, यावर गंभीरपणे भांडणारे लोक. असे चार-पाच ब्लॉग मी फीड रीडरमध्ये लावून ठेवले होते. नवीन नोंद आली की तिथं ठळक अक्षरांत दिसायचं. त्या ठळक अक्षरांची मी वाट पाहायची, हे ऑफिसात कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्यातला एक ब्लॉग नारायण पेठेत राहणारे एक निवृत्त गृहस्थ चालवायचे. त्यांनी स्वतःचं नाव कुठेही दिलेलं नव्हतं, नुसतं ‘संपादक’. उजव्या बाजूला सूचना होत्या. ‘प्रश्न विचारण्यापूर्वी जुन्या नोंदी वाचाव्यात.’ ‘आभार मानू नयेत.’ ‘छान, मस्त, अप्रतिम अशा प्रतिक्रिया प्रसिद्ध केल्या जाणार नाहीत.’ दुकानाच्या फळीवर लावायच्या पाट्या त्यांनी इथं लावल्या होत्या, असं वाचताना वाटायचं. पण माणूस कामाचा पक्का होता. त्यांचा एक नियम होता आणि तो ते कोणासाठी मोडत नसत. कोणाही जिवंत माणसानं प्रत्यक्ष बोललेलं वाक्य मिळाल्याशिवाय शब्दाची नोंद करायची नाही. कोशातलं वाक्य चालणार नाही, पुस्तकातलं चालणार नाही, आणि उदाहरणासाठी मुद्दाम तयार केलेलं तर मुळीच नाही. प्रत्येक नोंदीखाली ‘वापर’ असं लिहून ते वाक्य जसंच्या तसं दिलेलं असायचं. कोण्या बाईनं सुनेला म्हटलेलं, कोण्या कंडक्टरनं उतारूला सुनावलेलं. अर्थ मी भराभर वाचायची आणि त्या वाक्यापाशी रेंगाळायची.

त्याच सुमारास माझे वडील गेले.

फोन आला तेव्हा गावाकडे दिवेलागण झाली होती आणि मी ऑफिसात होते. चुलतभावानं सांगितलं, “काका गेले. आत्ताच, सांजच्याले.” मी रात्रभर बसमध्ये बसून सकाळी पोचले. तोवर घर माणसांनी भरलेलं होतं, वडिलांना बाहेरच्या बाजूला ठेवलेलं होतं आणि आईला आतल्या खोलीत बायकांच्या मध्ये बसवलेलं होतं. संध्याकाळी गेले, चहाच्या वेळेला गेले, झटक्यात गेले, त्रास झाला नाही, असं ज्यानं त्यानं मला सांगितलं. त्यांतलं कोणीही तेव्हा तिथं नव्हतं. तिथं एकटी आई होती, आणि ती म्हणायची, “गेले.” याच्या पुढे एक शब्द नाही.

तेरावं झाल्यावर मी तिला वारज्याला घेऊन आले. तिथं मी नुकताच फ्लॅट घेतला होता. आई आली ती पाहुण्यासारखी. खुर्चीच्या कडेवर बसायची. सोसायटीतल्या बायका चांगल्या होत्या, पण आई दोन वाक्यं बोलली की एखादी म्हणायची, “काकू, किती गोड बोलता हो तुम्ही, अगदी सिनेमातल्यासारखं.” त्यानंतर आईनं खाली जाणंच सोडलं. ती एकच गोष्ट विचारायची: परतीचं तिकीट कधी काढतेस. गावाचं घर बंद होतं, तिथं ती एकटी काय करणार होती, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे तिला थांबवण्याचं कारण नव्हतं. मला एकच पाहिजे होतं. तिनं मला ती वेळ सांगावी. माझा बाप कसा गेला, शेवटी काय बोलला, काही बोलला की नाही, हे जगात एका माणसाला माहीत होतं आणि ते माणूस माझ्या घरात बसून लसूण सोलत होतं. मी दोन-तीनदा विचारलं. ती म्हणाली, “काय सांगू? गेले.” मग मी विचारणं बंद केलं.

एक दिवस त्या ब्लॉगवर उलथन्यावर नोंद आली. त्याला कुठे काय म्हणतात याची यादी होती आणि त्यात वऱ्हाड नव्हतं. मी प्रतिक्रिया लिहिली की आमच्याकडे त्याला सराटा म्हणतात. ‘आपली प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे’ असं आलं. दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं: ‘वाक्य?’ एवढंच. मी घरी जाऊन पोळ्या करणाऱ्या आईकडे लक्ष ठेवलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “तो सराटा दे इकडे, पाहत काय बसली?” मी ते पाठवून दिलं. लगेच ईमेल आला. वक्ता कोण, वय काय, गाव कोणतं, अजून बोलतात का, भेटता येईल का. आभार अर्थातच नव्हते.

मी आईला विचारलं. वाटलं होतं नाही म्हणेल. ती म्हणाली, “शब्द विचाराले येते तो? अन् तेवढ्याचसाठी एवढ्या दूर येते?” मग थोड्या वेळानं, “येऊ दे. चहा तं पिऊन जाईल.”

नारायण पेठेतल्या माणसानं वारज्याला येणं म्हणजे परगावी जाणंच. ते शनिवारी सकाळी स्कूटरवर आले. दारात उभं राहून आधी, “पत्ता सांगताना डावीकडची पाण्याची टाकी सांगायला हवी होती आपण,” असं मला ऐकवलं आणि मग चप्पल काढली. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. पिशवीतून त्यांनी पाठकोऱ्या कागदांच्या पट्ट्या काढल्या, एका आकाराच्या कापलेल्या, आणि आईसमोर बसले. “आपण नेहमी बोलता तसंच बोला. मी मध्ये येणार नाही,” म्हणाले.

मी चहा ठेवला आणि नेमका ऑफिसचा फोन आला. शनिवार असो की दिवाळी, पलीकडच्या, म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकांचं काहीतरी बंद पडलेलंच असतं. मी बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं, कारण आतलं ऐकू गेलं तर पलीकडचे लोक विचारतात की तुमच्याकडे काही समारंभ आहे का. मी काचेतून आत पाहत होते. सुरुवातीला आई नुसती मान हलवत होती. मग बोलायला लागली. मग हातानं दाखवायला लागली: एवढा गंज म्हणजे पातेलं, एवढी कोपर म्हणजे परात, विहिरीचा रहाट असा. मी कानाला फोन लावून ‘येस, येस’ म्हणत होते आणि माझी नजर हलत नव्हती. इतक्या महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. संपादक खाली मान घालून लिहीत होते.

मग तिचे हात थांबले. ती मांडीवर हात ठेवून सावकाश काहीतरी सांगायला लागली. मध्येच तिनं मान एका बाजूला कलती केली, कोणाची तरी मान दाखवावी तशी. संपादकांनी हात वर केला. रस्त्यात पोलिस गाडी थांबवतो, तसा. त्यांनी काहीतरी विचारलं. आई त्यांच्याकडे पाहत राहिली, मग तिनं बोटानं हवेत एक चौकोन काढून दाखवला, इकडे दार, इकडे रस्ता. त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं आणि पुढची पट्टी घेतली. त्यानंतर आई परत मान हलवण्यापुरती बोलायला लागली.

मी फोन उरकून आत आले तेव्हा ते निघाले होते. “उत्तम. बरेच शब्द मिळाले. आपल्या आईंचा उच्चार अतिशय स्वच्छ आहे,” असं त्यांनी मला सांगितलं, आईला नाही. चहाचं भांडं गॅसवर उकळून आटलं होतं. कोणाचंच लक्ष नव्हतं. ते चहा न पिताच गेले.

“काय सांगितलंस त्यांना?” मी आईला विचारलं.

“शब्द.”

“आणखी काही?”

“त्याले शब्दच पाह्यजे होते,” ती म्हणाली आणि भांडं घासायला घेऊन गेली.

पुढचे काही दिवस नोंदी येत राहिल्या. मी त्या ऑफिसातून छापून आणायची आणि संध्याकाळी आईला वाचून दाखवायची. गंज आला, कोपर आली. आईला गंमत वाटायची. “हे काय छापाची गोष्ट हाय? येईले काही कामधंदे नाईत काय?” पण ऐकायची. वाक्य आलं की म्हणायची, “हो, असंच म्हटलं म्या.” तिकिटाची आठवण मात्र दर दोन दिवसांनी निघतच होती.

मग एका दुपारी ऑफिसात फीड रीडरमध्ये ठळक अक्षरांत आलं: सपरी. मी उघडलं.

‘सपरी. घराची दर्शनी, रस्त्याच्या बाजूची बसण्या-उठण्याची जागा. एक दार रस्त्याकडे, एक आत. प्रदेश: वऱ्हाड. वापर: “दुपारचं जेवण झालं अन् ते सपरीत जाऊन बसले. मी भांडे घासून पाण्याचा गडवा घेऊन गेली, तं मान कललेली होती.” वक्ता: ज्येष्ठ स्त्री.’

आजूबाजूला कीबोर्डांचा आवाज चालू होता. कोणीतरी माझ्यामागे उभं राहून पिझ्झा मागवायचा का विचारत होतं. मी नको म्हणाले. ते वाक्य मी परत वाचलं. खाली प्रतिक्रिया जमायला लागल्या होत्या. ‘आमच्याकडे हीच पडवी.’ ‘पडवी आणि ओसरी यांत फरक आहे, कृपया गल्लत नको.’ ‘गडवा या शब्दावर स्वतंत्र नोंद व्हावी.’ अगदी शेवटी कोणीतरी अनोळखी माणसानं विचारलं होतं, ‘पुढे काय झालं?’ त्यावर संपादकांचं उत्तर होतं: ‘नोंद शब्दापुरती आहे.’

मला राग आला. माझा बाप मेलेला आहे त्या ओळीत आणि हे पडवीवर वाद घालतायत. मी प्रतिक्रिया लिहायला घेतली आणि चांगलं खरमरीत लिहिलंही. पाठवायच्या आधी सवयीनं नोंद पुन्हा तपासली, आणि त्या वाक्याच्या पहिल्याच शब्दांवर अडकले. दुपारचं जेवण. मला फोन आला होता दिवेलागणीला, ‘आत्ताच गेले’ म्हणून. आमच्या घरी दुपारचं जेवण लवकर व्हायचं, वडिलांना भूक आवरत नसे. भांडी घासायला आईला किती वेळ लागणार? दोन गोष्टी जुळत नव्हत्या. असं काही दिसलं की मला त्यातून बाहेर पडता येत नाही, माझा धंदाच तो आहे. मी लिहिलेलं सगळं पुसलं, पर्स उचलली, तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं आणि स्कूटी काढून बायपासनं थेट घरी आले.

आई बाल्कनीत मेथी निवडत होती. “आज लवकर?” म्हणाली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि नोंद वाचून दाखवली. तिनं ऐकलं.

“हे तं मीच म्हटलं,” ती म्हणाली.

“दुपारी गेले होते बाबा?”

ती मेथीची काडी हातात धरून राहिली. मला वाटलं, आता ती उठून आत जाईल.

“दुपारीच,” ती म्हणाली. “मी त्याले सांगून राहिली होती सगळं. तं तो म्हणे थांबा, सपरी म्हणजे काय? मंग मी सपरी सांगतली.”

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते टुंग टुंग वाजणारं गाणं संपेपर्यंत ती थांबली. मग तिनं सांगितलं. मी ते आठवतं तसं लिहिते. शब्द तिचेच आहेत.

“गडवा खाली ठेवला. हात लावून पाह्यला. कळलं मले. पेपर मांडीवरच होता. दुपारी ते वाचून दाखवत अन् मी ऐको, तुले तं माहीतच हाय. मी रस्त्याकडचं दार लोटलं अन् आतून कडी लावली. म्हटलं, आता आवाज दिला की लोक येतीन. लोक आले की मले उचलून आत नेऊन बसवतीन बायकांमधी, अन् ते बाहेर. मंग ते माहे कायचे राह्यतात? तसंच झालं ना मंग? तू आली तवा मी आतच होती. दूधवाला सांजच्याले येते. तेवढा वेळ होता माह्याजवळ. मी बसली त्याईच्या जवळ. माशा हाकलल्या. पेपर अर्धाच वाचून झाला होता, मंग पुढचा मी वाचला. मले कुठं धड वाचता येते? अडकत अडकत वाचला. भाव वाचले कापसाचे. दूधवाल्यानं कडी वाजवली, तवा उठली.”

मी रडले. तिकडच्या घरात, त्या गर्दीत मला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. आईनं मेथी निवडणं थांबवलं नाही, पण एका हातानं माझं डोकं जवळ ओढून घेतलं. तिच्या हाताला मेथीचा वास येत होता.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तू रडली असती,” ती म्हणाली. “अन् लोक म्हणतीन, बाईनं मुर्दा घेऊन दार लावून घेतलं. परक्याले सांगाले सोपं जाते. तो विचारे तं सांगत गेली.”

“मी त्या माणसाला आज चांगलं सुनावणार आहे.”

“काहून? त्यानं तं विचारलं तरी.” मग ती म्हणाली, “चहा न पिताच गेला तो. बोलाव एकदा.”

मी बोलावलं नाही. त्यांचा ईमेल मात्र आला, गडव्याचा आकार आणि धातू विचारणारा. मी आईला विचारून उत्तर पाठवलं, पितळी. एकदा छापलेलं वाक्य ते परत वापरत नसत, आणि दुसरं मी पाठवलं नाही. नियमाप्रमाणे गडव्याची नोंद झाली नाही.

आईनं तिकिटाचं विचारणं त्यानंतर हळूहळू सोडलं. गावाला आम्ही दोघी मिळून जायला लागलो आणि दोघी मिळून परत यायला लागलो. पुढे घर विकलं. घेणाऱ्यानं समोरचा भाग पाडून तिथं मोबाइलचं दुकान काढलं. ब्लॉगांचाही बहर ओसरला. लोक दुसरीकडे गेले, जिथं छान, मस्त, अप्रतिम एवढंच लिहायचं असतं. फीड रीडर बंद पडला. संपादकांच्या नोंदी आधी महिन्यातून एक, मग दिवाळीला एक, आणि मग थांबल्या. का, ते कळलं नाही. विचारायला नाव माहीत नव्हतं. ब्लॉग मात्र उघडतो. उजव्या बाजूला सूचना आहेत तशाच आहेत.

आई आता सोसायटीच्या बाकावर बसते आणि जे बोलायचं ते तिच्याच पद्धतीनं बोलते. कधी एखाद्या दुपारी, जेवणं झाल्यावर, भांडी आवरून ती माझ्याजवळ येऊन बसते आणि म्हणते, “ते सपरीचं लाव.” मी मोबाइलवर ते पान काढते आणि वाचते. अर्थ वाचते, प्रदेश वाचते, वापर वाचते. “तं मान कललेली होती,” इथं नोंदीतलं वाक्य संपतं. तिथं मी थांबते. पुढचं ती सांगते.